मार्गळीतलं पान: चेन्नईच्या सभा कँटीनमधलं दुपारचं जेवण

डिसेंबरात चेन्नईला असाल आणि बाहेर एकदाच जेवायचं असेल, तर एखाद्या सभेच्या, म्हणजे संगीत संस्थेच्या, कँटीनमध्ये दुपारी केळीच्या पानावर जेवा. कीर्ती संध्याकाळच्या टिफिनची, म्हणजे फराळाची, जास्त आहे. तिथली अडै-अवियल, वेण पोंगल, कीरै वडै खरोखरच चांगली असतात, याबद्दल वाद नाही. पण टिफिन बशीत येतं, आपण खातो, उठतो. या गावाची जेवणाची रीत कळते ती पानावर, वाढप्याच्या हातून. गेल्या मोसमात मी माझ्या इथिओपियन वर्गमैत्रिणीला घेऊन मैलापूर भागातल्या एका सभेत जेवले, त्या जेवणाचं हे परीक्षण.

सभेचं नाव मुद्दाम देत नाही. कँटीनचा ठेका केटररकडे असतो आणि ठेका बदलला की पान बदलतं. यंदा जिथे जेवलो तिथे पुढच्या वर्षी दुसराच आचारी असेल. म्हणून कुठे जायचं यापेक्षा गेल्यावर काय बघायचं, हे सांगितलेलं जास्त उपयोगी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडी माहिती. मार्गळी हा तमिळ महिना साधारण मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. या दिवसांत शहरभर कर्नाटक संगीताच्या मैफली चालतात. म्युझिक अकॅडमी १९२८ सालची; तिच्यासारख्या लहानमोठ्या संस्थांना इथे सभा म्हणतात. सकाळी व्याख्यान, दुपारी नव्या मुलांचं गाणं, संध्याकाळी मोठ्या कलाकारांच्या बैठका, असा दिवस भरलेला असतो. रसिक सकाळी येतात ते रात्रीच घरी जातात. त्यांच्या पोटाची सोय म्हणून आवारात मांडव घालून कँटीन सुरू होतं. वर्षभर लग्नाची जेवणं करणारे आचारी इथे उभे राहतात. मैफलीचं तिकीट नसलं तरी जेवता येतं, आणि निव्वळ जेवायला येणारी कुटुंबंही भरपूर असतात.

मी मूळची मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर गेले आणि त्यांना मिरजेत आणून दफन केलं, हे आमच्याकडे घरोघरी सांगितलं जातं. त्यामुळे संशोधनासाठी चेन्नईला आले तेव्हा गाण्याचा मोसम मी पहिल्यापासून मनाशी धरून होते. कँटीनचा नाद मात्र घरमालकीण मामींमुळे लागला. पानाची रीतही त्यांनीच शिकवली.

मैत्रीण अदिस अबाबाची, जलव्यवस्थापन शिकायला आलेली. ती आली तेव्हा वसतिगृहात जो तो तिला हाताने कसं जेवायचं ते शिकवायला निघाला. परदेशी म्हटलं की काटाचमचावाला, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय! ती लहानपणापासून उजव्या हाताने जेवत आलेली आहे. त्यांची इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोनतीन दिवस आंबवून करतात. मोठी, मऊ, वरून जाळीदार, चवीला आंबट. तिचा तुकडा तोडून त्यात कालवण पकडायचं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात डोसा तिला घरचा वाटला, तोही जितका आंबट तितका आवडीचा. हाताचा प्रश्न तिला नव्हताच.

प्रश्न होता उपासाचा. ती ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आहे. त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला, आणि त्याआधी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ६ जानेवारीपर्यंत साधारण ४३ दिवसांचा उपास. मांस नाही, अंडं नाही, दूध, दही, तूप, लोणी काहीच नाही. दिवसाचं पहिलं जेवणही उशिरा. म्हणजे आपल्या उपासाच्या अगदी उलट. आपल्याकडे उपासाला दूध-ताक आधी विचारतात आणि डाळ-तांदूळ वर्ज्य. तिला डाळ-तांदूळ चालतात, पण ताकाचा थेंब चालत नाही. हा उपास नेमका मार्गळीवर येतो. आणि तमिळ पानाची सुरुवात तुपाने होते, शेवट दह्याने.

याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर आम्ही शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात ‘पारंपरिक दक्षिणी भोजना’ला गेलो होतो. केळीचं पान गोल कापून चिनीमातीच्या ताटात ठेवलेलं, पदार्थ टेबलावर मांडलेले, ज्याने त्याने हवं ते घ्यायचं. मुलांनी रसम सूप म्हणून आधी प्यायलं, पापड बसल्या बसल्या संपवले, सांबार आणि दही एकाच भातावर घेतलं. कशात तूप आहे हे तिने विचारलं, तेव्हा तिथल्या मुलाने सगळं शुद्ध शाकाहारी आहे एवढंच तीन वेळा सांगितलं. तिने त्या दिवशी भात आणि केळ्याचे वेफर्स खाल्ले. चव वाईट नव्हती. पण या जेवणात कशानंतर काय येतं यातच अर्धी गंमत आहे, आणि ते सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

सभेत आम्ही साडेबाराच्या पंगतीला गेलो. दाराशी पैसे भरून टोकन घ्यायचं. पान पाचशे रुपये होतं. आत लांब टेबलं, वर कागदाची गुंडाळी पसरलेली, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. आधीची पंगत उठत असते तेव्हा पुढचे लोक खुर्चीमागे येऊन उभे राहतात. शेवटचा दहीभात कालवणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी हात बांधून उभं आहे, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला अवघड वाटतं. तिला वाटलं नाही. त्यांच्याकडे सणाला असंच असतं म्हणाली.

पान पडलं. शेंडा डाव्या हाताला, रुंद बाजू उजवीकडे, आपल्या पंगतीसारखंच. पाणी शिंपडून हाताने निपटायचं. मग वाढपी ओळीने येऊ लागले. मीठ, मावडू म्हणजे खारवलेल्या कोवळ्या बाळकैऱ्या, काकडी आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसुमल्ली, फरसबीची परुप्पु उसिली (वाटलेल्या डाळीबरोबर परतलेली भाजी), कोहळ्याचं कूट्टू (डाळ घातलेली भाजी), अवियल (खोबऱ्यातली मिश्र भाजी), मेदू वडा, अप्पळम म्हणजे पापड. पायसमाचा, म्हणजे खिरीचा, चमचा उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात आधी खायचा. आपल्याकडे डावी-उजवी बाजू असते तसा इथे वरचा अर्धा भाग तोंडीलावण्यांचा आणि खालचा अर्धा भाताचा. तो शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, कारण भात पुन्हा पुन्हा येतो.

पायसमवाल्याचा चमचा तिच्या पानावर येण्याआधीच मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं: पाल, नेय, तयिर, मोर, एदुवुम वेंडाम. विरदम. दूध, तूप, दही, ताक काहीच नको, व्रत आहे. वाढपी साठीचे असतील, कमरेला पंचा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. त्यांनी चमचा मागे घेतला, तिच्याकडे एकदा बघून विचारलं, “विरदमा?” आणि तिने मान हलवल्यावर पुढचं सगळं जेवण त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं.

इथून पुढे जे झालं त्याला मी या कँटीनचे सगळे गुण देते.

अवियल तिच्या पानावर आधीच पडलं होतं. त्यांनी बोटाने दाखवलं, म्हणाले तयिर आहे, हात लावू नको. कूट्टू चालेल, खोबरेल तेलाची फोडणी. पहिला भात आला, त्यावर परुप्पु, म्हणजे आपलं साधं वरण, पण घट्ट. माझ्या भातावर तुपाची धार पडली. तिच्यापाशी तूपवाला पोचण्याआधी त्या वाढपी आण्णांनी त्याला हाताने थांबवलं, आत गेले, आणि एका छोट्या किटलीतून नल्लेण्णै, म्हणजे तिळाचं तेल घेऊन आले. सोबत डाळीची पोडी, म्हणजे सुकी चटणी. वरणभातावर पोडी टाकून मध्ये खळगा केला आणि त्यात कच्चं तेल ओतलं. घाण्याच्या तिळाच्या तेलाचा वास किती गोड असतो, हे सांगलीकडच्या माणसाला करडई-शेंगदाण्याच्या सवयीमुळे पटकन लक्षात येत नाही. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडेही उपासाच्या दिवसांत सगळं तेलावरच निघतं.

मग सांबार, तेलाच्या फोडणीचं, म्हणून निर्धास्त. त्यानंतर वत्तल कुळंबू आलं. चिंचेचं दाट कालवण, त्यात सुंडक्काय, वाटाण्याएवढी कडसर फळं, तळलेली. मला वाटलं हे तर तिचं हक्काचं, यात दुधाचं काय असणार? आण्णांनी पळी तिच्या पानावरून उचलली. सुंडक्काय वाळवण्याआधी मिठाच्या ताकात मुरवतात, असं त्यांनी सांगितलं. आपण सांडगी मिरची करतो तशीच रीत. शिजलेल्या कालवणात, तळलेल्या फळात, काही महिन्यांपूर्वी लागलेलं ताक! हे त्या गर्दीत, पन्नास पानं वाढताना त्यांच्या ध्यानात होतं. त्यांना परक्याच्या देवळातलं व्रत कळतं म्हणून नव्हे. त्यांना स्वतःचा पदार्थ मुळापासून माहीत होता म्हणून. मला विचाराल तर चांगला वाढपी तो हाच.

रसमची गोष्ट याहून पुढची. इथे रसमला बहुतेक ठिकाणी तुपाची फोडणी असते. त्यांनी तिला थांब म्हणून खूण केली. आमच्या आजूबाजूचे रसम-भातावर आले, ती रिकाम्या पानाशी बसून राहिली. चारपाच मिनिटांनी ते एक लहान भांडं घेऊन आले. पुढच्या पंगतीचं लिंबाचं रसम चुलीवर होतं, फोडणी पडायच्या आधी त्यातून काढून आणलं होतं. वरून मिरी आणि कोथिंबीर तेवढी.

रसम पानावर कसं जेवायचं, हे या सगळ्यात खरं कौशल्याचं काम. पानाला कड नसते. भाताचा डोंगर करून मध्ये विहीर करायची, रसम पडलं की लगेच कडेचा भात आत ओढायचा, हात सैल ठेवून. घट्ट गोळा केला तर रसम बाहेर पळतं. पातळ उरलेलं तळहाताच्या खोलगट भागात घेऊन ओरपायचं, आणि आवाज झाला तर होऊ द्यायचा. इंजेरावर वाढलेली माणसं बोटांच्या टोकांनी जेवतात, तळहात कोरडा राहणं ही त्यांची सभ्यता. तिला इथे तळहात वापरावा लागला. ती माझ्याकडे न बघता समोरच्या आजोबांकडे बघत शिकली, ते फार सफाईने जेवत होते. पानाच्या कडेला आलेला ओघळ त्यांनी हाताच्या कडेने परत आत घेतला, तिने तस्संच केलं. फोडणीविना ते रसम मला तिच्याकडून चाखून बघावंसं वाटलं, पण मामींचं शिक्षण आड आलं: दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही.

आणि त्याच क्षणी तिने पोडी-भाताचा राखून ठेवलेला एक घास नीट वळून माझ्या तोंडापाशी आणला.

इथिओपियात याला गुर्शा म्हणतात. एका थाळीभोवती सगळे बसतात आणि आपल्या हाताने घास करून दुसऱ्याला भरवतात. प्रेमाच्या, मानाच्या माणसाला मोठा घास. नाकारणं बरं नव्हे. तमिळ घरात नेमकं उलट: तोंडाला लागलेला हात वाढण्याच्या भांड्याला लागता कामा नये, आपल्या पानातलं दुसऱ्याला द्यायचं नाही, पाणीसुद्धा पेला ओठांना न लावता वरून प्यायचं. उष्ट्या-खरकट्याचा हा धाक माझ्या आजीकडेही होता, त्यामुळे तो मला परका नाही. पण लग्नात नवराबायकोने घास भरवायचे आणि नाव घ्यायचं, हेही आमच्याच घरात. मी तोंड उघडलं आणि घास घेतला. चांगला मोठा होता.

शेजारच्या बाईंनी हे सगळं पाहिलं. जरीकाठाची नऊवार, इथे तिला मडिसार म्हणतात, हिऱ्याच्या चमक्या, वय सत्तरीच्या पुढचं. मला वाटलं आता काही ऐकावं लागणार. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही तुमच्याकडची रीत का. तिने सांगितलं. मग त्या आपल्या लहानपणाबद्दल बोलू लागल्या. चांदण्या रात्री गच्चीवर आजी मोठ्या पातेल्यात सांबारभात कालवायची, नातवंडं गोल बसायची, आणि ती एकेकाच्या तळहातावर गोळा ठेवायची, अंगठ्याने मध्ये खळगा करून त्यात थोडं कुळंबू. निलाच्चोरु, म्हणजे चांदण्यातला भात. “तोंडात नाही, हातात,” त्या म्हणाल्या आणि आपला तळहात पुढे करून दाखवला. तेवढ्यात त्यांचा दहीभात आला.

दह्याची पाळी आली तेव्हा तिच्यासाठी आण्णांनी टिफिनच्या बाजूने पुळियोदरै आणली, चिंचेचा तीळतेलातला भात, शेंगदाणे घातलेला. पायसम गुळाचं आणि नारळाच्या दुधाचं होतं, पण वरचे काजू तुपात परतलेले, म्हणून तेही नाही. त्याऐवजी वेलची केळं दिलं. माझं पायसम उत्तम होतं, गूळ जरा हात सैल सोडून घातलेला. दहीभात साधा, ताज्या विरजणाचा, मावडूबरोबर. या हवेत जेवणाचा शेवट दुसरा कसलाही असू नये.

पान मिटायचं ते आपल्याकडे, वरची बाजू खाली. तृप्त झालो, पुन्हा येऊ, असा त्याचा भाव. उलट दिशेने दुमडणं अशुभ प्रसंगी. तिने मिटलं आणि मागे उभ्या असलेल्या मुलाला खुर्ची दिली. आण्णांना शोधून तिने दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार केला. ते पळी हातात घेऊन दुसऱ्या ओळीत पोचले होते, मानेनेच हो म्हणाले.

बाहेर कॉफीचा वेगळा गाळा आहे, पैसे वेगळे. डबरा-पेल्यात फेसाळ, चिकोरीची, दाट दुधाची. माझ्या मते पानानंतर ती घ्यावीच. तिने नुसतं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा काळा अर्क, मागितलं, कॉफीवाल्याने गरम पाणी आणि साखर घालून दिलं. कॉफीच्या बाबतीत तिची मतं ठाम असणारच, झाड मूळ त्यांचं. त्यांच्याकडे पाहुण्यांसमोर हिरव्या बिया भाजतात, कांडतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि एकाच पुडीवर तीन वेळा पाणी घालून तीन फेऱ्या देतात. चिकोरी तिला पटली नाही. कडू आहे पण कॉफीचं कडू नाही, असं ती म्हणाली आणि पेला संपवला.

उणं काय ते सांगते. हात धुवायला दोनच नळ, पंगत उठली की तिथे चिखल होतो. मांडवात पंखे कमी, दुपारी एकनंतर उकडतं. अवियल माझ्या पानावर खारट लागलं. शनिवार-रविवारी टोकन संपतात, आणि पुढच्या पंगतीची घाई असल्याने शेवटचे पदार्थ भराभर पडतात. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर आठवड्यातल्या वारी, बाराच्या आत जा. भात, सांबार, रसम हवं तितकं मिळतं; वडा आणि पायसम मागितलं तरच पुन्हा येतं, पण येतं.

दूधदुभतं वर्ज्य असलेलं कोणी तुमच्याबरोबर असेल, तर पान मांडलं जाण्याआधी वाढप्याला सांगा, आणि वयस्क वाढपी दिसला तर त्यालाच सांगा. पच्चडी, अवियल, मोर कुळंबू यांत दही असतं हे लक्षात येतं. रसमची फोडणी, पायसमातले काजू आणि वत्तल, म्हणजे ती ताकात मुरवून वाळवलेली फळं, विचारल्याशिवाय कळत नाहीत. यंदा तिला दहीभात खाऊ घालायचा माझा बेत आहे. तिचा उपास ७ जानेवारीला सुटतो आणि बऱ्याच मोठ्या सभांचा मोसम १ तारखेच्या सुमाराला आटोपतो. काही लहान सभा मात्र पोंगल सणापर्यंत चालू राहतात. त्यांतल्या कुठल्या पानावर जेवण वाढतात आणि कुठे फक्त टिफिन असतं, हे मामींकडे आधीच विचारून ठेवलं आहे.